लुईस सरांची निवडक मुलं

लुईस फर्नांडिस बोटीवरून कायमचा घरी आला आणि आठवड्याभरातच त्याच्या बायकोनं, जेसिंतानं, ओळखीच्या सगळ्यांना सांगून ठेवलं की कुणाकडे एखादं काम असेल तर माझ्या घोवाला द्या, पगाराचं मागाहून बघू.

तिचंही चुकत नव्हतं. पंचवीसेक वर्षं हा माणूस मोठमोठ्या प्रवासी बोटींवर व्हायोलिन वाजवत होता. वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर आणि उरलेले घरी, तेही पाहुण्यासारखे. मग करोना आला, बोटी बंदरात अडकून पडल्या, साथ ओसरली तरी कंपनीनं मोडलेला वाद्यवृंद पुन्हा उभा केला नाही आणि लुईस मालवणच्या किनाऱ्यालगतच्या आपल्या घरी येऊन बसला. नुसता बसला असता तर जेसिंताची काही तक्रार नव्हती. पण तो बसेना. सकाळी उठून त्यानं स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले, तेव्हापासून तिला तिरफळं मिळेनाशी झाली. कोंबड्यांना दाणे टाकायची वेळ त्यानं ठरवून दिली आणि कोंबड्या ती पाळीनात म्हणून दिवसभर त्यांच्यावर धुमसत राहिला. दुपारी ओटीवर व्हायोलिन घेऊन बसला की शेजारचा कुत्रा गळा काढी. लुईस वाजवणं थांबवून कुत्र्याला समजावून सांगे की तुझा सूर वर चढतोय, जरा खाली ये.

"तू बोटीर बरो होतंस," जेसिंता एकदा म्हणाली. "थंय लोक पैशे दिवन तुका आयकत. हंय माका फुकट आयकूचा लागता."

तिचं हे गाऱ्हाणं फिरत फिरत गावातल्या हायस्कुलात पोचलं. तिथले मुख्याध्यापक सत्यवान गावडे त्या सुमारास भलत्याच विवंचनेत होते. वरून फतवा आला होता की सगळ्या मुलांची वाचनाची चाचणी होणार. त्यासाठी शेवटचा तास रोज वाचनाच्या सरावाला द्यायचं ठरलं. बहुतेक मुलं सरावानं सुधारत होती. पण प्रत्येक वर्गात एखादंदुसरं असं होतं की ज्याला कितीही वेळा वाचायला लावा, तेच. ती मुलं अडखळायची, बाकीची हसायची, मग ती मुलं रागानं काहीतरी उद्योग करायची आणि सगळ्या वर्गाचा तास वाया जायचा. या मुलांना तासभर ठेवायचं तरी कुठे, असा गावडे सरांना प्रश्न पडला होता, आणि तेवढ्यात त्यांच्या कानावर आलं की बोटीवरचा एक वाजपी घरी मोकळा बसलाय.

ते स्वतः लुईसच्या घरी आले. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गजाली झाल्या. मग ते म्हणाले, "संगीताचा तास सुरू करावा म्हणतोय. सगळ्या शाळेला एकदम नको, तुम्हाला त्रास होईल. मी निवडक मुलं पाठवतो."

निवडक. बोटीवर निवड होऊन जायला लुईसला चार वेळा मुंबईला खेपा घालाव्या लागल्या होत्या. त्या शब्दाचं वजन त्याला ठाऊक होतं. गावडे सर फाटकाबाहेर पडायच्या आत तो कपाट उघडून पांढरा शर्ट शोधायला लागला.

पहिल्या दिवशी शाळेच्या मागच्या खोलीत, मोडके बाक आणि खडूंची खोकी यांच्या मधोमध, पाचवी ते आठवीतली नऊ मुलं त्याच्यापुढे उभी राहिली. लुईसनं त्यांच्याकडे डोळे भरून पाहिलं. गावडे सरांची नजर त्याला मानावीच लागली.

आता बघा. त्यानं स्वरलिपीचे कागद वाटले. सातवीतल्या आकांक्षानं कागद हातात घेतला, उलटा धरला, सुलटा केला, परत उलटा केला आणि मग शांतपणे त्याची घडी घालून वारा घ्यायला लागली. दुसरा कुणी मास्तर असता तर म्हणाला असता, कार्टी आगाऊ दिसते. लुईसला मात्र बोटीवरचा एक म्हातारा पियानोवाला आठवला. मडगावकडचा होता तो आणि कागदाकडे ढुंकून बघत नसे, पण सगळ्या वाद्यवृंदात त्याच्या तोडीचा दुसरा नव्हता. हिचाही कान तयार असणार, कागदाची गरज नाही, असं लुईसनं मनाशी धरलं.

सुदेश म्हणून सहावीतला एक मुलगा होता, तो एका जागी क्षणभर ठरत नव्हता. बोटं बाकावर, टाच फरशीवर, मधूनच गुडघ्यावर थाप. लुईसनं कान देऊन ऐकलं आणि खूश झाला. ताल पक्का होता. आणि बाबली. त्याचं खरं नाव हजेरीपुरतं, सगळे बाबलीच म्हणत. तो खिडकीबाहेर बघत होता. लुईसनं त्याला विचारलं, "तुका काय आयकाक येता?" बाबलीनं मान तिरकी करून कान दिला. मग वर बोट दाखवून म्हणाला, "पंखो. तिसऱ्या फेऱ्याक अडाकता." लुईसनं डोळे मिटून ऐकलं. पंखा खरोखरच तिसऱ्या फेऱ्याला अडकत होता.

"आयका," तो मुलांना म्हणाला. "तुमका निवडून पाठवलेला आसा. म्हणजे माझ्याकडे आळस चलाचो नाय. चुकलास तर मी ओरडतलंय. बोटीर मोठ्या मोठ्यांक ओरडलेलो माणूस आसंय मी."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. सुदेशनं काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण आकांक्षानं त्याच्या पायावर पाय दिला आणि तो गप्प बसला.

लुईस बोलल्याप्रमाणे ओरडलाही. शाळेत एक जुनी पेटी होती, दोन ढोलक्या होत्या. घुमटं त्यानं स्वतः मिळवली. मातीच्या मडक्याच्या तोंडावर कातडं ताणलेलं हे वाद्य गावात घराघरात होतं, पण ते फक्त गणपतीत माळ्यावरून उतरायचं. घुमट सुदेशकडे गेलं आणि त्याचा एका जागी न ठरण्याचा प्रश्न निम्मा मिटला. पेटी आकांक्षाकडे गेली. बाबलीला त्यानं झांज दिली, कारण झांजेवाल्याला बहुतेक वेळ गप्प राहून ऐकावं लागतं आणि नेमक्या जागी एकदाच वाजवावं लागतं.

कागदाचं मात्र जमेना. आकांक्षाच नव्हे, कुणालाच त्या रेघा आणि टिंबं पचेनात. लुईस स्वतः जन्मभर कागदावरून वाजवत आलेला. कागदाशिवाय शिकवायचं कसं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. दोन दिवस तो घरात येरझारा घालत राहिला. तिसऱ्या दिवशी तो मुलांना घेऊन सुरूच्या बनापलीकडे समुद्रावर गेला. ओहोटीची वेळ होती, पुळणीची वाळू ओली आणि कठीण. त्यानं काठीनं वाळूत लांबच लांब पाच रेघा ओढल्या.

"ही तळाची रेघ, हो एक सूर. हेच्या वरची जागा, तो दुसरो सूर. आता एकेकान एकेका सुरार उभ्या रवा. मी वाजवतलंय. आपलो सूर आयलो की उडी मारायची."

पहिल्या दिवशी नुसता धुडगूस झाला. चुकीच्या जागी उड्या पडल्या, दोघं एकमेकांवर आदळले, तेवढ्यात लाट येऊन खालच्या दोन रेघा घेऊन गेली. पण चार-पाच दिवसांत उड्या जागेवर पडायला लागल्या. मग लुईसनं एकेकाला सगळी चाल रेघांवरून चालत जायला लावलं. चाल त्याच्या आईची होती. लग्नाच्या आदल्या दिवशी नवऱ्याला नारळाचा रस लावतात, त्या रोसाच्या वेळी बायका म्हणायच्या ती. साधी, चार ओळींची. पण तिसऱ्या ओळीत एक अवघड वळण होतं.

आकांक्षा ते वळण पहिल्यांदा बरोबर चालली तेव्हा तिथेच उभी राहिली आणि पायांकडे बघत म्हणाली, "हंय ती हलणत नाय."

"कोण हलणत नाय?"

"रेघो," ती म्हणाली. पुस्तकातली अक्षरं डोळ्यांसमोर हलतात, जागा बदलतात, हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तिला वाटायचं, सगळ्यांचीच हलत असतील आणि बाकीच्यांना ती पकडता येत असतील. लुईसला यातलं काही कळलं नाही. तो म्हणाला, "वाळूतल्यो रेघो कशाक हलतल्यो? चल, परत एकदा." आणि ती परत चालली.

पावसाळा संपला, नवरात्र गेलं. दिवाळीच्या सुट्टीआधी ही नऊ मुलं ती चाल अशी वाजवायला लागली की शाळेचा शिपाई हातातलं काम टाकून दारात येऊन उभा राही. लुईस घरी डबे लावेनासा झाला. जेसिंतानं मोठ्या मनानं तिरफळं पुन्हा आपल्या जागी ठेवली.

आणि मग एका सकाळी तो धक्क्यावर मासळी आणायला गेला. होड्या नुकत्याच लागल्या होत्या. बांगड्यांच्या टोपलीपाशी तो घासाघीस करत असताना शेजारी उभी असलेली एक बाई त्याच्याकडे बघून हसली. ती विनीता, आकांक्षाची आई. तारकर्लीला तिच्या चार खोल्या होत्या, पर्यटकांना जेवूखाऊ घालून ती त्या चालवायची. त्या दिवशीच्या पाहुण्यांसाठी सुरमई बघायला आली होती.

"लुईस सर ना तुमी? माझा चेडू तुमच्याकडे येता, आकांक्षा."

लुईसचा चेहरा उजळला. "बाय, तुझ्या चेडवाचो कान सोन्याचो आसा. गावडे सरांनी नेमकी पोरां निवडून दिल्यानी. अशी पोरां माका बोटीर गावली नाय."

विनीताचं हसू मावळलं. तिला वाटलं हा माणूस आपली चेष्टा करतोय. मग त्याच्या तोंडाकडे पाहून तिला कळलं की तो मनापासून बोलतोय.

"सर," ती हळूच म्हणाली, "ती सातवीत आसा, पण अजून तिका धड वाचूक येना नाय. म्हणान तिका तुमच्याकडे धाडतत. सगळीच तशी पोरां ती. वाचनाच्या तासाक नको म्हणान काढलेली. तुमका कोणी सांगूक नाय?"

लुईसच्या हातातली पिशवी तशीच राहिली.

"ती घराक येवन सांगता, आमका निवडलेला आसा," विनीता म्हणाली. "माका वाटला, आपल्या मनाक समजावता. दरवर्षी शाळेतसून बोलावणा येता ता एकाच गोष्टीसाठी, हिका हेतला येना नाय, तेतला येना नाय. बरा सांगणारे तुमी पयलेच." मग तिनं डोळ्यांना पदर लावला आणि सुरमईवाल्याशी उगाचच भांडायला लागली.

लुईस रिकाम्या पिशवीनं घरी आला. जेसिंतानं विचारलं, "बांगडे खंय?" तेव्हा तो पायरीवर बसला आणि त्यानं तिला सगळं सांगितलं. तो फार रागावला होता. गावडे सरांवर, स्वतःवर, आणि कुणावर ते त्याचं त्यालाही उमगत नव्हतं. बोटीवरचा नावाजलेला वाजपी, आणि त्याला शाळेनं मुलं सांभाळायला बसवलं होतं.

जेसिंतानं सगळं ऐकून घेतलं. "मगे काल ती पोरां वाजयत होती, ती आज वाजवची नाय?"

"वाजवतली."

"मग झाला तर. आता बांगडे घेवन ये."

बांगडे आणायला तो गेला, पण वाटेत शाळेत शिरला. गावडे सर कचेरीत होते. लुईसनं शाळेतली मराठी बोलायचा प्रयत्न केला.

"सर, तुम्ही मला म्हणालात, निवडक मुलं."

गावडे सरांनी चष्मा काढला. या प्रश्नाची ते महिनोन् महिने वाट बघत होते. "निवडूनच पाठवली की," ते म्हणाले आणि मग स्वतःच वरमले. "मला वाटलं, आठवड्याभरात तुम्ही वैतागून याल आणि विचाराल, ही कसली मुलं दिलीत. तेव्हा सांगणार होतो. तुम्ही आलाच नाहीत. उलट भेटाल तिथे त्यांचं कौतुक करत राहिलात. मग कुठल्या तोंडानं सांगू?"

"मला फसवलंत त्याचं काही नाही. पण त्या पोरांना कळलं तर काय वाटेल?"

गावडे सरांनी शिपायाला हाक मारली. त्यांनी चहा मागवला. माणूस वाईट नव्हता तो. चाचणीच्या धाकात नऊ मुलं नजरेआड ठेवून त्यानं आपला प्रश्न सोडवला होता, इतकंच.

लुईसनं ठरवलं, मुलांना काही कळू द्यायचं नाही. जसं चाललंय तसंच चालू ठेवायचं. पण ठरवणं वेगळं आणि निभावणं वेगळं. दुसऱ्या दिवशी तो मागच्या खोलीत गेला आणि त्याला ती मुलं निराळीच दिसायला लागली. बाबली खिडकीबाहेर बघत होता. काल तो ऐकत होता, आज लुईसला वाटलं, बिचाऱ्याचं लक्ष लागत नाही. सुदेशच्या पायाची थापथाप ऐकून त्याला कीव आली. आकांक्षाचा सूर घसरला तर तो म्हणाला, "असूं दे बाय, जमात हळूहळू." तिसऱ्या ओळीतलं अवघड वळण त्यानं सोपं करून टाकलं. कुणी चुकलं तरी तो हसून मान डोलावी.

पंधरा दिवसांत सगळ्याची माती झाली. ढोलकी मागे रेंगाळायची, घुमट पुढे पळायचं, पेटी बापडी मधे चाचपडायची. शिपायानं दारात येणं सोडलं. लुईसला कारण कळेना. तो आणखी मवाळ झाला आणि वाजवणं आणखी बिघडलं.

शेवटी एका दुपारी चाल मधेच मोडली. सुदेशनं घुमट खाली ठेवलं.

"सर, तुमका कोणी सांगल्यान काय?"

"काय?"

"आमी कोण ता."

आकांक्षा म्हणाली, "माझ्या आवशीनच सांगल्यान असतला. तेव्हापासून तुमी आमका ओरडनास नाय."

"तुमका ठावक होता?" लुईसनं विचारलं. "पयल्यापासून?"

"आमका सगळ्यांका ठावक होता," ती म्हणाली. "शाळेत सगळ्यांकाच ठावक आसा. तुमकाच तेवडा नाय होता. सुदेश पयल्या दिवशी सांगूक जाय होतो, मी तेच्या पायार पाय दिलंय."

"कित्याक?"

"तुमका वायट वाटात म्हणान."

लुईस मोडक्या बाकावर बसला. त्यानं या मुलांना सांभाळायचं ठरवलं होतं, आणि इतके महिने मुलं त्याला सांभाळत होती. पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्याकडून चांगल्या वाजवण्याची अपेक्षा केली होती, तो माणूस आपल्याविषयी खरं कळून खट्टू होऊ नये, म्हणून त्यांनी जीव तोडून वाजवलं होतं.

त्यानं खाली ठेवलेलं घुमट सुदेशच्या पुढ्यात सरकवलं. मग उठला.

"सुदेश," तो म्हणाला, "तू दुसऱ्या ओळीक घोड्यासारखो धावतंस. कोण मागसून येता काय तुझ्या? बाबली, झांज हातात आसा ती वाजवूसाठी आसा, वारो घेवक नाय. आणि आकांक्षा, ता तिसऱ्या ओळीतला वळण मी सोपा केलंय, ता माझा चुकला. आतापासून मूळचा वाजवायचा. वीस खेपा. आज नाय जमला तर घराक कोण जावचो नाय."

मुलांच्या चेहऱ्यांवर जे हसू पसरलं, ते ओरडा खाणाऱ्या मुलांच्या चेहऱ्यावर सहसा दिसत नाही.

हे सगळं दाराबाहेर उभी राहून एक बाई ऐकत होती. जानकी मॅडम, शाळेत मराठी शिकवणाऱ्या. वयानं तरुण, नोकरीला फारशी वर्षं झाली नव्हती. त्यांच्या वर्गात आकांक्षा अलीकडे वाचताना बाकावर बोटानं ठेका धरायची आणि ठेका धरला की एरवीपेक्षा बरं वाचायची, हे त्यांनी टिपलं होतं. याचा उगम कुठे आहे ते बघायला त्या आल्या होत्या. "सर, तुम्ही वाळूत काय करता ते मला बघायचंय," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्याही पुळणीवर यायला लागल्या. लुईसच्या रेघांशेजारी त्यांनी काठीनं हातभर उंचीची अक्षरं काढली आणि मुलांना त्यांच्यावरून चालायला लावलं. जोडाक्षरं म्हणजे या मुलांचे वैरी. ती त्यांनी टाळ्यांवर तोडली. 'पुस्तक' वाचायचं तर 'पुस्' वर एक टाळी, 'त' वर एक, 'क' वर एक. लुईसनं मागून व्हायोलिनवर ठेका धरला. काही मुलांना त्याचा उपयोग झाला, काहींना नाही. बाबलीला टाळ्यांचा कंटाळा आला. त्याला अक्षरं ओल्या मातीची करून हातात फिरवायला दिली तेव्हा कुठे 'ब' आणि 'क' यांच्यातला फरक त्याच्या ध्यानात राहायला लागला. जानकी मॅडमनी ज्याला जे लागू पडेल ते दिलं.

विनीताला त्यांनीच सांगितलं की मुलीची एकदा तपासणी करून घ्या. विनीता घाबरली. "म्हणजे वेडी म्हणान शिक्को मारतले?" तिनं लुईसला विचारलं. तो म्हणाला, "मी वांगडा येतंय." विनीता, आकांक्षा आणि लुईस जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन आले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आकांक्षाशी खूप वेळ गप्पा मारल्या, चित्रं दाखवली, शब्द वाचून घेतले, आणि मग विनीताला सांगितलं की पोर बुद्धीनं चांगली तल्लख आहे. तिला वाचनाचीच अडचण आहे, डिस्लेक्सिया म्हणतात त्याला. पुष्कळ मुलांना असते. ती पुरती जाणार नाही, पण वाट काढता येते, आणि दहावीच्या परीक्षेला जास्तीचा वेळही मिळतो. परतीच्या वाटेवर गाडीत विनीतानं आकांक्षाला जवळ ओढलं आणि म्हणाली, "आळशी म्हणान मी तुका कितके खेपेक मारलंय गो."

"कितके खेपेक ता माका मोजूक येता," आकांक्षा म्हणाली. "गणित माझा बरा आसा." लुईस खिडकीकडे तोंड करून हसला.

जानेवारीत शाळेचं स्नेहसंमेलन झालं. मैदान समुद्राकडे उघडं आणि त्या दुपारी वारा पिसाटल्यासारखा सुटला होता. मांडवाचं कापड फडफडत होतं, पाहुण्यांच्या हारातल्या पाकळ्या उडत होत्या. लुईसनं या कार्यक्रमासाठी आपल्या आईच्या त्या चालीला खास व्हायोलिनचा भाग रचला होता, मुलांच्या वाजवण्याच्या वरून तरंगत जाणारा. तो त्यानं सुबक अक्षरात कागदावर उतरवला आणि स्टँडवर लावला. कागदाशिवाय वाजवायची त्याला सवयच नव्हती.

सुरुवात छान झाली. पेटी, मग ढोलक्या, मग घुमट. दुसऱ्या ओळीला लुईसनं गज तारेवर टेकवला आणि तेवढ्यात वाऱ्याचा एक झोत आला. कागद स्टँडवरून सुटला, गावडे सरांच्या डोक्यावरून गेला आणि सुरूच्या बनात दिसेनासा झाला. लुईसचा हात जागीच थांबला. पंचवीस वर्षांत त्याच्यावर अशी वेळ आली नव्हती. पुढचा सूर कुठला, त्याला काही केल्या आठवेना.

मुलं थांबली नाहीत. त्यांच्यासमोर कागद नव्हताच, जायचं काय? आकांक्षानं मान वर करून सरांकडे पाहिलं आणि ओळखलं. तिनं तिसऱ्या ओळीवर न जाता पहिलीच ओळ पुन्हा उचलली. बाकीचे तिच्या मागून वळले, जणू असंच ठरलं होतं. सुदेशनं घुमटावर थाप देता देता सरांना मानेनं खूण केली, या. लुईसनं डोळे मिटले. आईचा आवाज आठवला, रोसाच्या दिवशीचा अंगणातला गलका आठवला, आणि तो कागदावरचं सगळं सोडून मुलांच्या सुरात सूर मिळवून वाजवायला लागला. अवघड वळण सगळ्यांनी मिळून पार केलं. बाबलीची झांज शेवटी एकदाच वाजली, जिथे वाजायला हवी तिथे.

खालच्या खुर्च्यांतून जेसिंता शेजारणीला म्हणाली, "आज पयल्यांदा तो बरो वाजयता." तिच्यापलीकडे बसलेली विनीता मांडीवर बोटानं ठेका धरत होती.

वाचनाची चाचणी फेब्रुवारीत झाली. चमत्कार काही झाला नाही. नऊपैकी चौघं एकेक पायरी वर चढली, आकांक्षा त्यांत होती. बाबली होता तिथेच राहिला. गावडे सरांनी निकाल पाहिला, बराच वेळ विचार केला आणि पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकात संगीताचा तास दिवसाच्या शेवटून उचलून सकाळी आणला, सगळ्यांसाठी. त्यावर पहिल्या नंबरात येणाऱ्या मुलांचे पालक तक्रार घेऊन आले की आमच्या मुलांना लुईस सर मागच्या रांगेत उभं करतात. गावडे सर म्हणाले, त्यात मी काही करू शकत नाही, त्यांची निवड ते स्वतः करतात.

त्या वर्षीची सहल धामापूरला गेली. भगवतीच्या देवळात पाया पडून मुलं तलावाकाठी आली. पायऱ्यांजवळ एक पाटी होती. कुणीतरी म्हणालं, वाच गो आकांक्षा. पूर्वी असं कुणी म्हणालं असतं तर ते चिडवायला, आणि ती पळून गेली असती. आता ती पाटीसमोर उभी राहिली. बोट मांडीवर हलायला लागलं. "पाण्यात," तिनं वाचलं. "उ-तर-ण्यास." सगळे थांबले होते, घाई कुणालाच नव्हती. लुईस दगडावर बसून चणे खात होता. "सक्," ती म्हणाली, अडली, पुन्हा मागे गेली, "सक्त. सक्त मनाई आहे."

तोवर सुदेश गुडघाभर पाण्यात जाऊन उभा होता.

"ता आधी सांगूचा मा," तो म्हणाला आणि निमूट बाहेर आला.